गल्लीची मराठी, शाळेची इंग्रजी, अज्जीची कन्नड : तीन भाषांत मूल वाढवताना

आमच्या घरात सकाळी सातला तीन भाषा चालू होतात. सासूबाई नातीला कन्नडमधून उठवतात, मी मराठीतून दुधाच्या पेल्यामागं लागते, आणि रिक्षावाले मामा हॉर्न देईपर्यंत पोरीचं स्वतःशीच "मे आय गो टू वॉशरूम"ची उजळणी चाललेली असते. नवरा कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातला, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. लेक आता साडेपाच वर्षांची आहे. तिच्या बाबतीत आमच्या बऱ्याच चुका करून झाल्यात. नुकतंच मूल झालेली, अशीच मिश्र घरं मला विचारतात तेव्हा मी जे सांगते, तेच इथं ओळीनं मांडलंय.

कोल्हापूर भागात असं घर नवलाचं नाही. गांधीनगरात सिंधी आहे, गुजरीत मारवाडी-गुजराती आहे, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आलेल्या कुटुंबांची हिंदी-भोजपुरी आहे, कितीतरी मुस्लिम घरांत दख्खनी आहे. गडहिंग्लज, कागल, शिरोळकडं कन्नड तर घरोघरी. त्यात इंग्रजी माध्यमाची शाळा आली की तीन भाषा झाल्याच. तुमच्या घरातली तिसरी भाषा दुसरी कुठली असेल, पण काम तेच.

आधीच एक सांगून टाकते, कारण सगळे आईबाप चुकीच्या भाषेची काळजी करत बसतात. इंग्रजीची काळजी करू नका. तिच्या पाठीशी शाळा आहे, फी आहे, अख्खा समाज आहे. मराठीलाही गल्ली आहे, भाजीवाली आहे, शेजारच्या काकू आहेत. जिच्या पाठीशी घरातली एक-दोन माणसं सोडून कोणी नाही, ती भाषा पहिल्यांदा जाते. आमच्याकडं ती कन्नड. खालच्या बहुतेक पायऱ्या तिच्यासाठीच आहेत.

पायरी १ : आठवडाभर वही ठेवा

काही ठरवायच्या आधी मोजा. मूल जागं असताना त्याच्याशी कोण, कुठल्या भाषेत, साधारण किती वेळ बोलतं हे आठ दिवस लिहून काढा. "त्याच्याशी" हा शब्द महत्त्वाचा. मोठ्यांच्या आपसातल्या गप्पा, मागं चालू असलेला टीव्ही, फोनवरचं बोलणं यात धरायचं नाही.

लेक दोन वर्षांची असताना आमची वही अशी निघाली : दिवसाला जागेपणाचे बारा तास, त्यात मराठी साडेआठ, मोबाइलवरची गाणी दीड, एकटीचा खेळ एक, आणि कन्नड जेमतेम एक. तोवर आम्ही दोघं "आमची पोरगी कन्नड आणि मराठी दोन्हीत वाढतीय" असं पाहुण्यांना ठासून सांगत होतो. नवऱ्याची शिफ्ट आणि सासूबाईंचं महिन्यातलं पंधरा दिवस गावाकडं राहणं, यात कन्नडला जागाच उरली नव्हती.

वही बघितल्याशिवाय पुढच्या पायरीला जाऊ नका. अंदाज हमखास चुकतो, आणि चुकतो तो आपल्या कौतुकाच्या बाजूनं.

पायरी २ : कोणी काय बोलायचं ते ठरवा

सगळ्यात माहितीतली रीत म्हणजे एक माणूस, एक भाषा. ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंझा यांनी आपल्या मुलाशी फक्त फ्रेंच बोलायचं आणि त्यांच्या बायकोनं फक्त जर्मन, असं ठरवून मुलाला वाढवलं आणि १९१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. दोन्ही भाषा त्या मुलाला उत्तम आल्या. तेव्हापासून ही रीत जणू नियमच होऊन बसली.

पण ती हमी नाही. बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागातल्या सुमारे १,९०० कुटुंबांचा अभ्यास अनिक द हाउवर यांनी २००७ साली छापला. आईनं एक आणि बापानं दुसरी भाषा बोलूनही साधारण चौघांतलं एक मूल घरची, म्हणजे बाहेर न चालणारी भाषा बोलत नव्हतं. दोन्ही पालक घरात तीच कमजोर भाषा बोलत, तिथं मात्र जवळपास सगळी मुलं ती बोलत होती. मी हे वाचलं आणि तिशीत कन्नड शिकायला घेतली. तोडकीमोडकीच येते. लेकीशी मी ती बोलत नाही, पण सासूबाईंशी बोलते. कन्नड ही फक्त म्हाताऱ्या माणसांची भाषा नाही, आईलाही ती हवीशी वाटते, हे पोरीला दिसतं. त्याचा फायदा माझ्या उच्चारांपेक्षा कितीतरी मोठा झाला.

माणसांऐवजी जागा किंवा वेळ वाटून घेतली तरी चालतं. उंबऱ्याच्या आत एक, बाहेर दुसरी. किंवा संध्याकाळी सातनंतर फक्त सिंधी. आपल्याला महिनोन्महिने झेपेल तेच निवडा.

निवडताना एकच कसोटी लावा : राग आला, हसू आलं, मूल पडलं, की तोंडातून जी भाषा येते तीच त्याच्याशी बोलायची. रंकाळ्यावर संध्याकाळी गेलं की "बेटा, सी द डक, डक काय करतंय? स्विम करतंय ना? नो नो, हात नाय लावायचा, डर्टी!" असं बोलणारे आईबाप बाकाबाकावर भेटतात. मीही त्यातलीच होते. यात मुलाला ना इंग्रजी मिळत, ना मराठी. बदकाला बदक म्हटलं असतं तर पुढं पाय, पंख, चोच, चिखल, शेवाळ, डुबकी असे शब्द आपोआप आले असते. "डक"च्या पुढं आपल्याकडं शब्दच नसतात, म्हणून बोलणं "डर्टी"वर संपतं.

पायरी ३ : कमजोर भाषेला एखादं काम नेमून द्या

या पायरीवर जरा रेंगाळते, कारण आमच्याकडं खरा फरक इथं पडला.

"रोज अर्धा तास कन्नड बोलायचं" हा बेत आमच्याकडं चार दिवस टिकला. बोलायचं तरी काय? नवरा भिंतीकडं बोट दाखवून "इदु एनु?", म्हणजे "हे काय?", असं विचारायचा. पोरगी कंटाळून पळायची. परीक्षा कोणाला आवडते?

मग आम्ही भाषेला वेळ देण्याऐवजी काम दिलं. अंघोळ कन्नडमध्ये, कारण ती बाबा घालतो. नीरु म्हणजे पाणी. गरम आहे का गार, डोळे मीट, कान धू, आता पुरे. रोज तीच कामं, तेच शब्द, आणि पाणी अंगावर पडत असताना अर्थ सांगावा लागत नाही. दुसरं काम भाकरीचं. सासूबाई परातीत पीठ मळायला बसल्या की नात शेजारी, तिच्या हातात लिंबाएवढा गोळा. तिसरं काम वर्षातून एकदाच येतं, चटणीचं. उन्हाळ्यात मिरच्या वाळत घालायच्या, देठं काढायची, मसाला भाजायचा, मग डंकावर न्यायचं. आमच्याकडच्या चटणीत ब्याडगी आणि संकेश्वरी पडते. दोन्ही गावं कर्नाटकातली, म्हणून सासूबाईंचा तोरा त्या दिवसांत वेगळाच असतो. मेणसिनकाई मिरची, उप्पु मीठ, बेळ्ळुळ्ळी लसूण. तीन दिवसांत पोरगी जेवढं कन्नड बोलली तेवढं आधीच्या तीन महिन्यांत बोलली नव्हती.

तुमच्या घरात काम दुसरं असेल. दुकानात आजोबांबरोबर बसणं, देवपूजा, गाडी धुणं, कुत्र्याला फिरवणं, काहीही. फक्त ते रोजचं किंवा ठराविक असावं, हातानं करायचं असावं, आणि त्यात त्या भाषेच्या माणसाला घाई नसावी.

काम चालू असताना बोलायचं कसं, याच्या चार गोष्टी. मूल जिकडं बघतंय त्याचं नाव घ्या, तुम्हाला शिकवायचं आहे त्याचं नको. त्याच्या शब्दाला एक-दोन शब्द जोडून परत द्या : ते म्हणालं "भूभू", तुम्ही म्हणा "भूभू पळाला". विचारलंत तर थांबा, मनात पाचपर्यंत आकडे मोजा, उत्तर यायला लहान मुलाला तेवढा वेळ लागतो. आणि बोलणं बाळ बोलायला लागल्यावर नाही, पहिल्या दिवसापासून चालू करा. पोटात असल्यापासून आवाज त्याच्या कानावर पडत असतात, आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याचा कान ऐकलेल्या भाषांच्या आवाजांवर बसायला लागतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, आपल्याकडं तो फरक नाही. मला तो आजही धड ऐकू येत नाही, लेकीला येतो.

मोबाइलवर "लर्न कन्नडा" लावून हे काम होत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. काही बाळांशी चिनी बाई समोर बसून बारा वेळा, दर वेळी पंचवीसेक मिनिटं खेळली-बोलली. काहींना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. पहिल्या गटातल्या बाळांना चिनी आवाजातले फरक ओळखू आले, पडद्यावाल्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाच्या वर नको. व्हिडिओ कॉलची गोष्ट जरा वेगळी, कारण पलीकडचं माणूस उत्तर देतं. सासूबाई गावाकडं असल्या की आम्ही फोन लावून तो पीठ मळायच्या परातीशेजारी टेकवतो. निम्मा वेळ छतच दिसतं, पण बोलणं चालू राहतं.

पायरी ४ : मिसळलं तर मिसळू द्या

"आई, मला हालु पायजे." हालु म्हणजे दूध. माझी पहिली प्रतिक्रिया ओरडण्याचीच होती : "हालु नाही, दूध म्हण!" परिणाम असा झाला की पुढचे दोन दिवस पोरीनं नुसतं बोट दाखवलं.

मिसळणं म्हणजे गोंधळ नव्हे. जो शब्द आधी सापडला तो तिनं वापरला. आपण तरी काय करतो? "गाडी पार्क करून येतो"मध्ये किती भाषा आहेत? बरोबर शब्द आपल्या उत्तरात घालून द्यायचा, बस : "दूध पायजे होय? थांब, तापवतो."

हो, "तापवतो". मी बाई आहे आणि कोल्हापूरची आहे, त्यामुळं बोलताना "मी जातो, मी करतो"च म्हणते. लिहिताना तेवढी "करते" होते. लेकीच्या शाळेत मराठीच्या तासाला तिला यावरून टोकलं गेलं आणि ती रडवेली होऊन घरी आली. तिला सांगितलं, घरात "जातो", वहीत "जाते", दोन्ही बरोबर. तीन भाषा सांभाळणाऱ्या पोरीला हे एका मिनिटात कळलं. दख्खनी बोलणाऱ्या घरांनाही माझं हेच सांगणं आहे, "हिंदी नीट बोल" म्हणून घरच्या बोलीला खाली ढकलू नका.

काही चुका तर ऐकत राहाव्यात अशा असतात. आमची पोरगी बरेच दिवस "ते खुर्ची", "ते भिंत" म्हणायची. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. खुर्ची बाई का आणि पलंग बाप्या का, याला मराठीत काही तर्क नाही, तिनं कन्नडचा सोपा नियम इकडं लावला. शाळेत जायला लागल्यावर "मी जंपलो" आलं. इंग्रजी धातूला मराठी प्रत्यय अचूक लागलाय, म्हणजे व्याकरण डोक्यात पक्कं बसतंय. हे सगळं कोणी न शिकवता, नुसतं बरोबर ऐकून, हळूहळू सुटतं.

पायरी ५ : शाळेचं पहिलं वर्ष

घरी एक-दोन भाषांत बडबडणारं मूल इंग्रजी शाळेत गेलं की कित्येकदा तोंडच उघडत नाही. काही आठवडे, कधी काही महिने. ते ऐकत असतं, साठवत असतं. घरी पूर्वीसारखंच बोलत असेल तर घाबरायचं कारण नाही.

याच काळात शाळेतून निरोप येतो : "घरी इंग्रजी बोलत जा." आम्हालाही आला. नम्रपणे मान डोलावली आणि घरी येऊन मराठी-कन्नडच बोललो. बाईंना विचारायचं असेल तर एवढंच विचारा की या महिन्यात वर्गात कुठला विषय चाललाय. पावसाचा असेल तर घरच्या भाषेत पावसावर बोला. ढग, गारा, पन्हाळ, चिखल म्हणजे काय हे एका भाषेत कळलेलं असलं की इंग्रजीत नुसतं नाव शिकायचं उरतं.

पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावरून २०२५ साली राज्यात मोठा गदारोळ झाला. बऱ्याच आईबापांनी त्याची भीती घरातल्या भाषांवर काढलेली मी पाहिली. तो वाद वर्गातल्या विषयाचा, पुस्तक आणि परीक्षेचा आहे. अज्जीच्या मांडीवर मिळणारी भाषा त्यात बसत नाही.

मूल साधारण चार-पाचचं झालं की आणखी एक गोष्ट घडते. तुम्ही कन्नडमध्ये विचारता, ते मराठीत उत्तर देतं. चिडू नका, आणि तुम्हीही मराठीवर येऊ नका. आपली भाषा धरून बोलत राहा, आणि मुलाला असं कोणीतरी गाठून द्या ज्याला दुसरी भाषा येतच नाही. मोठ्यांपेक्षा मुलं बरी. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटर, पुढं चिकोडी. दिवाळीची आणि मेची सुट्टी आम्ही गावाकडच्या चुलत भावंडांत काढतो. तिथं "औट" झाली की नाही यावर भांडायचं असेल तर कन्नडच लागते. आठ दिवसांचं भांडण वर्षभराच्या शिकवण्याला भारी पडतं.

पायरी ६ : वाचन, पण घाई नको

गोष्ट वाचून दाखवायला वयाची अट नाही, आणि मराठी पुस्तकातली चित्रं बघत कन्नडमध्ये गोष्ट सांगता येते, पुस्तक त्याच भाषेतलं हवं असं नाही. शहरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालापासूनचं. बालविभागाची चौकशी करा.

लिपी मात्र एका वेळी एकच. शाळेत एबीसीडी चालू असताना घरी देवनागरी आणि कन्नड एकदम काढून बसू नका. एक अक्षरओळख जरा बसली की दुसरी घ्या. देवनागरी आणि कन्नडची वळणं वेगळी असली तरी क ख ग घ हा क्रम एकच, त्यामुळं एक आली की दुसरी निम्मी झालेली असते. आमची कन्नड लिपी अजून सुरू व्हायची आहे.

पायरी ७ : कधी दाखवायचं, आणि कुठला सल्ला घ्यायचा नाही

लेक पावणेदोन वर्षांची असताना मोजून दहा-बारा शब्द बोलायची. आम्ही एका ठिकाणी दाखवलं. "घरात दोन-दोन भाषा, पोर गोंधळलंय, एक बंद करा" असं सांगण्यात आलं. बंद अर्थात कन्नड केली. सासूबाईंना मराठी समजते, पण बोलायचा सराव नाही. चार महिने त्या नातीला भरवायच्या, न्हाऊ घालायच्या, झोपवायच्या, सगळं मुक्यानं. पोरीचं मराठी काही त्यानं वाढलं नाही. उलट दिवसभर तिच्याशी बोलणारं एक माणूस कमी झालं. शेवटी एका दुपारी सासूबाई मला म्हणाल्या, "मी काय गडी हाय काय घरातली?" त्या संध्याकाळी कन्नड परत चालू झाली.

दोन किंवा तीन भाषांमुळं बोलणं उशिरा येत नाही, आणि खरीच अडचण असली तरी एक भाषा काढून ती सुटत नाही. पुढं एका वाचाउपचार तज्ज्ञ बाईंनी आमची मोजणीच चुकली होती हे दाखवलं. शब्द सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे असतात. दूध आणि हालु हे दोन शब्द. बा म्हणजे ये, तोही शब्द. आम्ही नुसते मराठी मोजत होतो.

तरीही खाली लिहिलेल्यातलं काही दिसलं तर "बापही उशिरा बोलायला लागला होता" म्हणून थांबू नका :

वर्षाचं होऊनही बा-बा, दा-दा असे आवाज काढत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकाही भाषेत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत सगळ्या भाषा मिळून पन्नासेक शब्द नाहीत, किंवा "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. हाक मारली तर वळत नाही. आणि कुठल्याही वयात, आधी येत असलेलं बोलणं गेलं.

पहिली तपासणी कानाची, ऐकू नीट येतंय असं वाटलं तरी. सततच्या सर्दीनं कानात पाणी साठूनही मूल कमी ऐकतं. अंगणवाडी आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात, २०१३ पासून ही योजना आहे. तिथं सांगितलं तर पुढच्या तपासणीला पाठवतात, त्याचे पैसे लागत नाहीत. खासगीत जाणार असाल तर वाचाउपचार तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का हे आधी विचारा. कन्नड घरांसाठी म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, हाही एक पत्ता आहे.

जाताना पायरी एकमधली वही बरोबर न्या, आणि तिच्या मागच्या पानावर मुलाचे सगळे शब्द भाषेवार लिहून ठेवा, बोबडे असले तरी जसेच्या तसे. घरातलं जे माणूस कमजोर भाषा बोलतं, त्यालाही सोबत घ्या. आमच्या यादीत नवऱ्यानं आणि मी मिळून एकोणीस शब्द लिहिले होते. तपासणीच्या खोलीत बसल्या बसल्या सासूबाईंनी आणखी चौदा सांगितले.